मळाची पकड

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब सांडतो. डाग पिवळा असतो. आपण घाईघाईने सदरा नळाखाली धरतो, वर साबणाची वडी घासतो आणि बघता बघता पिवळ्याचा लाल होतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गेला कपडा कामातून. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं. हळदीतलं कुर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात पिवळं आणि अल्कात तांबडं दिसतं, आणि साबण अल्कधर्मी असतो. जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर तयार होतं. हळदीला चुन्यासारख्या अल्काची जोड मिळाली की ती लाल होते. त्या लाल डागावर लिंबू पिळून बघा, तो पुन्हा पिवळा होईल.

पण हा डाग आणखी एक गोष्ट सांगतो. त्या एका थेंबात मीठ होतं, डाळीतली प्रथिनं आणि पिष्ट होतं, तूप होतं आणि हळद होती. मीठ नुसत्या पाण्याने गेलं. तूप साबणाने गेलं. डाळीचा अंश चोळल्यावर गेला. हळद मात्र राहिली, कारण तिच्यावर साबणाची मात्रा चालत नाही. कपडे धुणं हे आपण एकच काम समजतो, पण बालदीत एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळी कामं चाललेली असतात. प्रत्येक मळाची कपड्यावरची पकड वेगळी, म्हणून ती सोडवायची रीतही वेगळी. कुठला मळ कशाने धरून बसलाय एवढं ओळखता आलं, तर निम्मे कपडे वाचतात आणि निम्मी पावडरही वाचते.

सगळ्यात सोपा मळ पाण्यात विरघळणारा. घामातलं मीठ, सरबतातली साखर, लहान मुलाची शू. याला साबण लागतच नाही, भरपूर पाणी आणि थोडा वेळ लागतो. उन्हात फिरून आलेला सदरा लगेच साध्या पाण्यातून खळबळून काढला तर त्यातलं मीठ तिथेच जातं. फसवणूक होते ती साखरेची. लिंबू सरबत किंवा उसाचा रस सांडला की वाळल्यावर काही दिसत नाही, म्हणून आपण तो कपडा तसाच घडी करून ठेवतो. पुढे इस्त्री फिरते, आणि जिथे काही नव्हतं तिथे तपकिरी डाग उमटतो. तापलेली साखर कढईत करपते तशीच कापडातही करपते.

आता तेल. मला विचाराल तर धुण्यातली खरी गंमत तेलापाशी सुरू होते, म्हणून इथे जरा थांबू.

अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलंय. पानावर थेंब मोत्यासारखा टपोरा उभा राहतो, पान कलतं केलं की घरंगळून जातो आणि पान कोरडंच राहतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरून धरणारं कोणी नसतं, म्हणून ते आत खेचले जातात आणि थेंबाला जणू ताणलेली कातडी येते. हा पृष्ठताण. अळवाच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी पानाला भिजवत नाही, स्वतःतच गोळा होतं. तेलकट कॉलरवरही नेमकं हेच होतं. नुसतं पाणी त्या तेलाच्या थरावरून निघून जातं, आत शिरत नाही. आता त्याच अळवाच्या पानावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. तो तसा टपोरा राहणार नाही, बसकण मारून पसरेल. साबण पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहूनही खाली आणतो.

हा ताण मोजण्याचं एक साधं उपकरण जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी, घरच्या स्वयंपाकघरात तयार झालं. आग्नेस पॉकल्स ही तिथली मुलगी. जन्म 1862चा. त्या काळी तिथल्या विद्यापीठांची दारं मुलींना बंद होती, त्यामुळे ती घरीच राहून आजारी आईवडिलांचं करायची. खरकटी भांडी धुताना पाण्यावर तेलाचा तवंग आला की पाण्याचं वागणं बदलतं, हे तिच्या लक्षात आलं. तिने पत्र्याची पन्हळ केली, तिच्यावर सरकती पट्टी बसवली, आणि पाण्यावर टेकवलेली चकती उचलायला किती जोर लागतो ते ती मोजत राहिली. वर्षानुवर्षं तिने या नोंदी ठेवल्या. 1891मध्ये तिने इंग्लंडमधले शास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांना पत्र लिहून आपली निरीक्षणं कळवली. रेली यांनी ते पत्र स्वतः पुढाकार घेऊन ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणलं. पृष्ठभागाच्या विज्ञानाचा एक पाया असा भांडी घासण्याच्या जागी घातला गेला. धुणीभांडी हे बिनडोक काम आहे असं म्हणणाऱ्यांना ही हकीकत जरूर सांगावी.

साबणाचा रेणू लांबट असतो. लांबी इतकी की एका मिलिमीटरचे पाच लाख भाग केले तर त्यातला जेमतेम एक. त्याचं डोकं पाण्यात रमतं, शेपूट पाण्यापासून पळतं आणि तेलात घुसतं. हे आपण शाळेत शिकलो. पण शाळेत पुढचं सांगायचं राहून गेलं: तेल कपड्यावरून प्रत्यक्षात निघतं कसं? साबण तेलाला ‘विरघळवतो’ हे अर्धंच खरं आहे. खरं काय होतं ते घरी बघता येतं. पांढऱ्या सुती कापडाची चिंधी घ्या. तिच्यावर मिसळीच्या तर्रीचा एक थेंब टाका. तर्री लाल असते, त्यामुळे तेल कुठे आहे ते डोळ्याला दिसतं. चिंधी काचेच्या पेल्यात, साध्या गार पाण्यात बुडवा. डाग जिथल्या तिथे. आता दुसऱ्या पेल्यात कोमट पाणी आणि चमचाभर धुण्याची पावडर घालून त्यात ती बुडवा, आणि चोळू नका, नुसतं बघत राहा. आधी तेलाचा पसरट थर कडांकडून आत सरकू लागतो. धाग्याच्या आणि तेलाच्या मधल्या फटीत पाणी शिरत असतं. थर आक्रसतो, जाड होतो, त्याचा बारीक मणी होतो. मग चिंधी हलकेच हलवली की मणी सुटून वर येतो आणि पाण्यावर लाल ठिपका दिसतो. तेल अळवावरच्या पाण्यासारखं झालं! आता कापडाला पाणी प्रिय झालंय आणि तेल परकं. सुटलेल्या तेलाचे बारीक थेंब साबणाचे रेणू चोहोबाजूंनी वेढतात, शेपटं आत आणि डोकी बाहेर, त्यामुळे ते पुन्हा एकत्र येत नाहीत आणि कापडावर परत बसत नाहीत. अगदी थोडं तेल साबणाच्या रेणूंनी मिळून केलेल्या सूक्ष्म गोळ्यांच्या पोटात शिरून खरोखर विरघळतं. पण मोठं काम होतं ते या आक्रसून सुटण्यानेच.

हे एकदा कळलं की रोजचे बरेच प्रश्न सुटतात. सुती कापडावरून तेल निघतं आणि टेरिकॉटच्या कॉलरवरून का निघत नाही? कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याला मुळात पाणी आवडतं, त्यामुळे तेलाखाली पाणी सहज शिरतं. टेरिकॉटमधलं पॉलिस्टर प्लॅस्टिकच्याच घरातलं. त्याला तेल आवडतं, म्हणून त्याच्यावर तेलाचा मणी होत नाही, ते पसरून बसतं. खेळाच्या बनियनीला धुतल्यानंतरही कुबट वास येतो तो यामुळे. अंगाचं तेल थोडं थोडं साचत जातं आणि जंतूंची त्यावर सोय होते. अशा कपड्याला जास्त पावडर घालून उपयोग नाही. त्याला जरा कोमट पाणी आणि जास्त भिजत ठेवणं हवं.

कॉलरचा काळा पट्टा धुळीचा नसतो, किंवा एकट्या धुळीचा नसतो. आपल्या त्वचेतून सेबम नावाचं तेल सतत पाझरतं. त्यात तेलं, मेणं, मोकळी स्निग्धाम्लं असतात. ते गोंदासारखं काम करतं आणि रस्त्यावरची काजळी धरून ठेवतं. कपडा न धुता ठेवला तर हे तेल हवेने पिवळं पडतं आणि घट्ट होतं, म्हणून ठेवणीतले सदरे न धुता कपाटात ठेवू नयेत. त्वचेवर ते पातळ असतं, गार पाण्यात थिजतं. कॉलरीला कोमट पाणी लावायचं ते यासाठी. धुण्याच्या सोड्याचा इथे दुहेरी उपयोग होतो. सोडा त्या स्निग्धाम्लांशी मिळून कापडावरच साबण तयार करतो. मळातूनच साबण, आणि त्याच साबणाने उरलेला मळ बाहेर. चुलीतल्या राखेने कपडे निघायचे तेही याच कारणाने, राखेत पोटॅशचा अल्क असतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचं पाणी असंच सोड्याचं आहे. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या विवरात साचणाऱ्या क्षारांमध्ये सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडाच मुख्यत्वे असतो. साबण आणि काच करायला लागणारा माल या भागात मिळतो अशी नोंद अकबराच्या काळच्या ‘ऐन-ए-अकबरी’त आहे.

फेसाबद्दल एक गैरसमज काढून टाकायला हवा. फेस मळ काढत नाही. फेस म्हणजे साबणाच्या पाण्यात कोंडलेली हवा. पण फेस खूण म्हणून उपयोगी आहे. तेलकट कपडे बुडवल्यावर फेस मरतो, याचा अर्थ मोकळा साबण संपला, सगळे रेणू तेलाच्या मागे लागले. तेव्हा पावडर घालावी. फेस टिकून असताना आणखी घालणं म्हणजे पैसे गटारात आणि साबण कापडात. तो खळबळून काढायला मग तिप्पट पाणी.

ग्रीसचं दुखणं वेगळं. सायकलच्या साखळीचं, मोटारीच्या इंजिनाचं तेल खनिज असतं, सोड्याने त्याचा साबण होत नाही. त्यात लोखंडाची बारीक पूड मिसळलेली असते. गॅरेजमधली मुलं आधी रॉकेलने हात धुतात आणि मग साबण लावतात, ती रीत अगदी बरोबर आहे. तेलाला तेल विरघळवतं. ड्रायक्लीनिंगचं तत्त्वही हेच. तिथे कपडा कोरडा राहत नाही, द्रवात चांगला भिजतो, फक्त तो द्रव पाणी नसतो. घरी रॉकेलचा बोळा लावायचा तर चुलीपासून, गॅसपासून लांब, आणि लगेच साबणाने धुऊन टाकायचं.

तेलानंतर माती. आपल्याकडे माती एक नाही. देशावरची काळी आणि कोकणातली तांबडी, दोघी कापडावर अगदी वेगळ्या वागतात.

काळी माती ही मुख्यतः माँटमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीची. तिचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांसारखे असतात. पाणी मिळालं की पापुद्र्यांमध्ये ते शिरतं आणि माती फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर भेगा पडतात. हीच गोष्ट धोतराच्या काठावर लागलेल्या चिखलात होते. ओला चिखल चोळला तर फुगलेले बारीक कण धाग्याच्या पोटात आणखी खोल जातात. तोच चिखल पूर्ण वाळू दिला तर रानासारख्या भेगा पडून त्याच्या खपल्या सुटतात. पावसाळ्यात चिखलाने भरलेला कपडा आधी वाळवायचा, मग झटकायचा, ब्रशने हलकं घासायचं, आणि नंतर पाणी दाखवायचं. चिखल दिसला की लगेच धुवायची आपली सवय इथे मोडावी लागते. डाग ताजा असताना काढावा हा नियम बाकी जवळजवळ सगळीकडे खरा, चिखलाला तेवढा नाही.

तांबड्या मातीचं गणित निराळं. तिची लाली जांभ्या दगडातून आलेल्या लोहाच्या ऑक्साइडांची. कोकणातल्या पायवाटेने चालून आल्यावर पांढऱ्या पायमोज्यांतली माती निघते, तांबूस झाक राहते. ती झाक म्हणजे गंजच. त्यावर ब्लीच ओतून काही होत नाही; ब्लीच रंगाचं ऑक्सिडीकरण करतं, आणि गंज हे आधीच ऑक्सिडीकरण झालेलं लोखंड. तिथे लोखंडाला धरून पाण्यात नेणारं आम्ल लागतं. लिंबाच्या रसातलं सायट्रिक आम्ल हे काम सावकाश करतं. खिळ्याच्या गंजाचा डाग लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवतात तो उपाय शास्त्राला धरून आहे.

माती विरघळत नाही आणि तेलासारखी आक्रसतही नाही, मग ती निघते कशी? विजेने, असं म्हटलं तर चुकणार नाही. पाण्यात बुडालेला कापसाचा धागा आणि मातीचा कण या दोघांवरही ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात. पण कण धाग्याला अगदी चिकटून बसला असेल तर जवळच्या अंतरात आकर्षण जास्त भरतं. पाणी अल्कधर्मी केलं, साबणाच्या ऋणभारित रेणूंनी दोघांनाही वेढलं, की भार वाढतो आणि ढकलणं जिंकतं. म्हणून पावडरीत सोडा असतो.

या कामात खोडा घालतं जड पाणी. जुन्या बायका विहिरीच्या पाण्याची परीक्षा साधी करायच्या: ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात धुणंही निघत नाही. दोन्हींचं कारण एकच, कॅल्शियम. डाळीत ते पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला आवळून धरतं. बालदीत ते साबणाशी मिळून न विरघळणारा करडा साका करतं, जो कपड्यावरच बसतो आणि कपडा कडक करतो. शिवाय कॅल्शियमवर धनभार असतो, त्यामुळे ते ऋणभारित धागा आणि ऋणभारित माती यांच्यामध्ये पूल बांधतं. बोअरच्या जड पाण्यात पांढरे कपडे वर्षभरात करडे दिसू लागतात ते यामुळे. कृत्रिम डिटर्जंट आले तेव्हा त्यांची मोठी कामगिरी ही होती की ते जड पाण्यात साबणासारखे साकळत नाहीत. भारतात सर्फची पावडर 1959 साली आली. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली आणि स्वस्त पावडर साध्या घरांपर्यंत पोचली. पाणी हलकं करण्यासाठी पावडरींत फॉस्फेट घालत असत. ते सांडपाण्यातून तळ्यांत, नद्यांत जाऊन शेवाळाला आणि जलपर्णीला खत होतं, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी झिओलाइटसारखे पदार्थ वापरतात.

सुटलेली माती पुन्हा कपड्यावर बसते, हा आणखी एक त्रास. त्यासाठी 1930च्या दशकात जर्मनीत कापसाच्याच सेल्युलोजपासून केलेला एक पदार्थ पावडरीत घालायला सुरुवात झाली. त्याचं नाव लांबलचक, कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज. तो धाग्यावर जाऊन बसतो आणि मातीला बसायला जागा ठेवत नाही. घरात करायचं ते इतकंच की पांढरे कपडे आधी, मळखाऊ रंगाचे नंतर, आणि पायपुसणी सगळ्यात शेवटी.

आता आपटण्याबद्दल. दगडावर कपडे आपटणं अडाणीपणाचं आहे असं अनेकांना वाटतं. घरातल्या पंख्याकडे बघा. पातं इतक्या जोरात फिरतं, तरी त्याच्यावर धुळीचा थर बसतो. पृष्ठभागाला अगदी लागून असलेला हवेचा थर जवळपास स्थिर असतो आणि बारीक कण त्या थराच्या आत सुरक्षित बसतात. पाण्यातही तसंच. बालदीत कितीही ढवळलं तरी धाग्याला लागून पाण्याचा पातळ थर हलत नाही. मायक्रॉनभर मातीचा कण तिथे लपतो. हा थर मोडायचा तर पाणी धाग्यांच्या मधून जबरदस्तीने दाबून काढावं लागतं. आपटणं, धोपटण्याने बडवणं, पिळणं, पुन्हा भिजवणं, हे सगळं त्यासाठी. यंत्राच्या फिरत्या पिपात कपडे वर जाऊन धप्पकन खाली पडतात, तेही आपटणंच. मुंबईत महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाट दिसतो. तिथल्या सिमेंटच्या टाक्यांच्या ओळीत जागोजागी कपडे आपटायचा दगड आहे.

परीट लोकांची भट्टी हा याहून पुढचा टप्पा. सोड्याच्या पाण्यात भिजवलेले कपडे रचून त्यांना तासन्‌तास खालून वाफ द्यायची. हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी 1959 साली धुण्याचे चार वाटे सांगितले: रसायन, घासणं-आपटणं, उष्णता आणि वेळ. एक वाटा कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. परिटाने हे पुस्तकात वाचलं नव्हतं. त्याच्याकडे भारी रसायन नव्हतं, म्हणून त्याने वाफ, वेळ आणि स्वतःचे खांदे वापरले. परीटघडीच्या कपड्यामागे ही एवढी मेहनत आहे, आणि तिला आपण पुरेसा मान दिलेला नाही.

उष्णता मात्र सगळीकडे चांगली नाही. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला तर तो कायमचा बसतो. अंडं उकडताना पांढरा बलक जसा घट्ट होतो तसं रक्तातलं प्रथिन गरम पाण्यात घट्ट होऊन धाग्यांना आवळतं. गार पाण्यात ते मोकळं असतं आणि बरंचसं नुसत्या भिजण्याने निघून जातं. पाळीचे कपडे गार पाण्यात भिजवायचे, हे आईने मुलीला हलक्या आवाजात सांगितलेलं ज्ञान आहे. ते मोठ्याने सांगायला आणि मुलग्यांनाही शिकवायला काहीच हरकत नाही. मागे राहिलेला तपकिरी ठसा रक्तातल्या लोहाच्या द्रव्याचा असतो. पांढऱ्या सुती कपड्यावर त्याला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं की ते फसफसतं आणि ठसा फिका होतो.

दूध, अंडं, बाळाची ओकारी, गवताचा हिरवा डाग, यांतही प्रथिनं असतात. प्रथिनाची साखळी लांब असते आणि ती धाग्याला ठिकठिकाणी धरते. ती तोडणारी कात्री म्हणजे विकरं, ज्यांना डब्यावर एन्झाइम म्हणतात. आपल्या पोटात अन्न पचवणारी विकरं कपड्यावरचा मळही पचवतील, या विचाराने जर्मन रसायनतज्ज्ञ ओट्टो र्‍योम यांनी 1913मध्ये जनावरांच्या स्वादुपिंडातल्या विकरांचं पेटंट घेतलं. ती विकरं सोड्यात टिकत नव्हती. 1960च्या दशकात जिवाणूंपासून मिळवलेली, अल्कात टिकणारी विकरं आली तेव्हा कुठे हा विचार घरोघर पोचला. आता प्रथिनाला एक, पिष्टाला दुसरं, तेलाला तिसरं, अशी विकरं एकाच पावडरीत असतात. त्यांना वेळ द्यावा लागतो, अर्धा तास तरी, आणि पाणी कोमट हवं. उकळत्या पाण्यात ती मरतात आणि आपण दिलेले जास्तीचे पैसे वाया जातात.

प्रथिनं कापणारी ही कात्री रेशमाला आणि लोकरीला ओळखत नाही, कारण रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच. पैठणी किंवा लोकरीची शाल एन्झाइमच्या पावडरीत भिजवणं म्हणजे ती हळूहळू पचायला ठेवणं. सोड्याचा अल्कही त्यांना मानवत नाही. अशा कपड्यांना रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, ते साबणासारखंच तेलाला सोडवतं, पण अल्काशिवाय.

शेवटी रंग. सगळ्यात हट्टी मळ हाच. चहा, जांभूळ, रातांबा, विड्याचा कात, हळद. यांचे रेणू धाग्यात शिरून बसतात. ही द्रव्यं नैसर्गिक रंगच आहेत, त्यांनी कापड रंगवणं हा त्यांचा गुण आहे, त्यांना दोष कसा देणार? कुर्क्युमिन तर रंग पक्का करणाऱ्या तुरटीशिवायही कापसाला रंगवतं. जांभळाचा डाग साबण लावताच निळसर-हिरवट होतो, कारण हळदीसारखंच तेही द्रव्य आम्ल-अल्क बघून रंग बदलतं. आपल्याकडच्या चहाच्या डागात दुधाचं प्रथिन, साय आणि चहाचं टॅनिन तिन्ही असतात, म्हणून आधी गार पाणी, मग साबण, आणि उरलेल्या तपकिरी छटेला ब्लीच, या क्रमाने जावं.

केळीच्या चिकाचा डाग तर नावाजलेला. आई केळफूल सोलायला बसायची तेव्हा आधी चांगली साडी बदलून जुनेर नेसायची आणि हातांना तेल चोपडायची. चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो. त्यातली टॅनिनं हवेत काळी पडतात आणि धाग्याला अशी जुळतात की कापड फाटेल, डाग जाणार नाही. या डागाला मी उपाय सांगत नाही, कारण खात्रीचा उपाय नाही.

बाकी रंगांना मोडायचे दोन मार्ग, ब्लीच आणि ऊन. ब्लीच रंगाच्या रेणूतला रंग दाखवणारा भाग तोडतं. रेणूचे तुकडे राहिले तरी डोळ्याला दिसत नाहीत. 1907 साली हेंकेलने पर्बोरेट हे प्राणवायू सोडणारं ब्लीच आणि सिलिकेट एकत्र करून पावडर काढली, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून तिला पर्सिल नाव दिलं. बाटलीत मिळणारं क्लोरीनचं ब्लीच त्याहून जहाल. ते रेशीम, लोकर आणि रंगीत कपड्यांना लावू नये. आणि ते संडास-मोरी धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही, कुठल्याही प्रमाणात मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

पांढऱ्या कपड्यांना देतात ती नीळ मात्र मळ काढत नाही. जुनं पांढरं कापड पिवळट दिसतं, त्यावर निळ्याची पुसट छटा चढली की डोळ्याला ते पांढरं भासतं. पांढरेपणासाठी घालतात ते टिनोपाल पुढचं पाऊल टाकतं. ते न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा उजेड परत देतं.

आणि ऊन. हळदीचं कुर्क्युमिन आणि मिसळीच्या तर्रीतली मिरचीची लाली, दोन्ही उजेडात टिकत नाहीत. साबणाने तेल काढून घ्या, कपडा ओला असतानाच डाग वर करून उन्हात घाला. पहिल्या उन्हात तो फिका होईल, दुसऱ्या-तिसऱ्या उन्हात जाईल. पावसाळ्यात ऊन नसलं तर कपडा धुऊन तसाच ठेवा आणि ऊन पडेपर्यंत वाट बघा.

तेवढ्या दिवसांत त्याला इस्त्री मात्र करू नका. रक्त असो, दूध असो, चहा असो की सरबत, इस्त्रीने बसलेला डाग पुन्हा उठवणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून एक विनंती: धुतलेला कपडा दोरीवर टाकताना, ओला असतानाच, एकदा खिडकीच्या उजेडात धरून बघा. डाग दिसला तर तो परत बालदीत टाका, इस्त्रीच्या ढिगात नको.